सासू नावाची बंदूक

चतुःशृंगीच्या जत्रेत विजयमालाचा फुगे फोडायचा स्टॉल असे, आणि स्टॉलवर छर्ऱ्याच्या चार बंदुका. चारही एकाच कारखान्यातल्या, एकाच रंगाच्या, चारींच्या दस्त्यांवर सारखेच ओरखडे. गिऱ्हाइकाला वाटायचं, कुठलीही उचलली तरी तेच. गिऱ्हाइकाला काय, काहीही वाटतं. त्यांतल्या दोन साध्यासुध्या होत्या, दहातले चार-पाच फुगे इमानाने फोडणाऱ्या. तिसरीचं नाव जावई आणि चौथीचं सासू.

जावई सरळ नेमाची आणि चांगल्या जोराची. शेजारी हिरवा चुडा भरलेली नवी नवरी उभी असेल तरच ती नवरदेवाच्या हातात जायची. पहिल्याच जत्रेत बायकोसमोर माणसाची फजिती होऊ नये, हा ह्या धंद्यातला जुना रिवाज. सासूचं काम उलटं. तिची स्प्रिंग ढिली, आणि नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा, ज्याला माशी म्हणतात, तो जरासा डावीकडे झुकवलेला. तिचा छर्रा फुग्यापर्यंत जायचा, फुग्याला विचारपूस केल्यासारखा टेकायचा आणि खाली पडायचा. ‘आमच्याकडे शिकारीचा वारसा आहे’ असं सांगत येणाऱ्यांसाठी ती राखून ठेवलेली होती, आणि पुण्यात अशांची कधी टंचाई नव्हती.

बंदुकांचा जोर कमीजास्त करायचं काम विजयमाला कसबा पेठेतल्या आपल्या खोलीत, खिडकीखाली ठोकलेल्या लोखंडी शिकंज्यात बंदूक आवळून करायची. ह्या बंदुकीत दारूबिरू काही नसते. नळी बिजागरीवर खाली वाकवली की आतली स्प्रिंग दबते, चाप ओढला की सुटते, चामड्याच्या वॉशरचा दट्ट्या पुढे पळतो आणि हवेच्या धक्क्याने छर्रा जातो. स्प्रिंगच्या बुडाशी लोखंडी चकती घातली की स्प्रिंग आधीच आवळून बसते आणि जोर वाढतो. चकती काढली की उतरतो. वॉशरला तेलाचा एकच थेंब द्यायचा. दोन दिले तर धूर निघतो आणि गिऱ्हाईक बायकोच्या मागे लपतं.

जोर मोजायला तिच्याकडे टेलिफोनची जुनी जाडजूड डिरेक्टरी होती. ती तीन पावलांवर उभी करायची, छर्रा मारायचा आणि तो कितव्या पानावर थांबला ते बघायचं. डिरेक्टरी पुण्याची आणि इंग्रजी बाराखडीने लावलेली, म्हणून माप आडनावांत निघायचं. सासू आगाश्यांपर्यंत जायची. साध्या दोघी आपट्यांपर्यंत. जावई बापटांच्या घरी पोचायचा. भिड्यांपर्यंत मात्र कुणालाच जाऊ द्यायचं नाही, कारण तेवढ्या जोराचा छर्रा फुग्यामागचं गोणपाट फाडून फळीवर आपटतो आणि उलटा येऊन कुणाचा डोळा घेतो. विजयमालाला इंग्रजी वाचता येत नसे. शेफाली दुसरी-तिसरीत असल्यापासून आईशेजारी बसून आडनावं वाचून दाखवायची. मोठी झाल्यावर तीच शिकंजा आवळायलाही शिकली. अख्ख्या पेठेत ही बंदूक खोलून परत बसवणाऱ्या दोनच बाया होत्या, आणि त्या एकाच खोलीत राहायच्या.

आता शेफाली पंचवीस वर्षांची होती. बी.कॉम. होऊन हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत एचआरला लागली होती आणि कंपनीच्या बसने जायची-यायची. तिथेच तिला ऋषी भेटला. मूळचा अकोल्याचा, सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर, कोथरूडला मित्रांबरोबर राहणारा. दोघांचं ठरलं होतं. त्याचे आईवडील दसऱ्याला पुण्यात येऊन सुपारी फोडणार होते. राहिला होता तो विजयमालाचा होकार.

“तू नाही म्हणालीस तर मी करणार नाही,” शेफालीने सांगून टाकलं होतं. “पण कारण सांगायचं. नुसतं ‘मला बरं वाटत नाही’ चालणार नाही.”

कारणच तर सापडत नव्हतं. ऋषी दोनदा घरी आला, वाकून नमस्कार केला, पोहे खाल्ले, पोह्यांचं कौतुक केलं. नाव ठेवायला जागा नव्हती. पण पोहे खाताना सगळेच चांगले असतात. विजयमालाचा नवरा सुखदेवही बघायला आला तेव्हा किती गोड बोलला होता! पुढे अठरा वर्षं त्याच्या रागाखाली काढावी लागली. तो मारायचा नाही, हे ती सगळ्यांना आवर्जून सांगायची, जणू काही ते बक्षीसच. चार गोष्टी मनाविरुद्ध झाल्या की तो ताट सरकवायचा आणि आठ-आठ दिवस घरात दगडासारखा बसायचा. नऊ वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन तो गेला. विजयमालाला जावयाकडून पैसा नको होता, बंगला नको होता. मनाविरुद्ध घडलं की हा माणूस काय करतो, एवढंच तिला पोरीच्या लग्नाआधी बघायचं होतं.

आणि ते बघायची सोय तिच्या हातात होती. वीस वर्षं सासू लोकांच्या हातात देऊन ती माणसं वाचायला शिकली होती. हरल्यावर कुणी बंदुकीला शिव्या देतं. त्यात वावगं काही नाही, बंदूक खरंच वाकडी आहे. कुणी स्वतःवर हसतं, कुणी आणखी दहा छर्रे मागतं. आणि कुणाचा चेहरा असा काही बंद होतो की बरोबरची बाई लगेच त्याची पिशवी उचलून निमूट चालायला लागते. सुखदेवला एकदा कुणी सासू दिली असती तर बरं झालं असतं, असं तिला फार वेळा वाटायचं.

“सातव्या माळेला घेऊन ये त्याला जत्रेत,” तिने शेफालीला सांगितलं. “बघू दे म्हणावं सासुरवाडीचा धंदा.”

सातव्या माळेच्या दुपारी तिने सासू खोलली. आत एक चकती होती, तीही काढली. छर्रा आगाश्यांच्या पहिल्या नंबरालाच थकला. माशी तिने पकडीने आणखी केसभर वाकवली. मग बंदूक बंद करून, फुगे संपत आलेले म्हणून ती बोहरी आळीत गेली. परत आली तेव्हा अर्ध्या दिवसाची रजा काढून शेफाली घरी आलेली होती आणि केस विंचरत होती.

संध्याकाळी जत्रा भरात होती. सेनापती बापट रस्त्यावर नव्या काचेच्या इमारती झाल्यापासून गळ्यात ओळखपत्राचे पट्टे घातलेली मुलं ऑफिस सुटल्यावर झुंडीने देवीला येत आणि देवीपेक्षा भेळेजवळ जास्त वेळ थांबत. ऋषी साडेसातला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा.

“काकू, मी आयुष्यात कधी बंदूक धरलेली नाही हं,” तो म्हणाला.

“धरायची आणि मारायचं. फुगे कुठं पळून जात न्हाईत,” विजयमाला म्हणाली आणि तिने सासू त्याच्या हातात दिली.

पहिलाच फुगा फुटला. असतं एखाद्याचं नशीब. पण दुसऱ्या छर्ऱ्याला विजयमालाचे कान टवकारले. सासूचा आवाज म्हाताऱ्या माणसाच्या खोकल्यासारखा, फुस्स करून बसणारा. हा आवाज फट्ट होता, स्वच्छ. तिसरा फुगा फुटला, चौथा फुटला. आपण बंदूक चुकून दुसरीच दिली की काय म्हणून तिने बाकीच्या तिघी हाताळून पाहिल्या. जागच्या जागी होत्या. ऋषीच्या हातात सासूच होती, आणि ती जावयासारखी वागत होती.

तेवढ्यात तिची नजर शेफालीकडे गेली. शेफाली फुग्यांकडे बघतच नव्हती. ती ऋषीच्या तोंडाकडे बघत होती, आणि फुगा फुटला की दर खेपेला तिचा श्वास सुटत होता.

दहातले नऊ फुगे फुटले. ऋषी खूश झाला, बक्षिसाची साबणाची डबी त्याने मिरवून दाखवली, भेळ सगळ्यांना स्वतःच्या हाताने आणून दिली, शेजारच्या पाळणेवाल्यालासुद्धा. इतका लाघवी मुलगा दुसरा नसेल. विजयमालाने भेळ खाल्ली आणि तिला तिची चव कळली नाही.

सकाळी उठल्याबरोबर तिने बंदूक शिकंज्यात धरून खोलली. एकही चकती नसायला हवी होती. आत दोन होत्या. माशीही सरळ बसवलेली होती, नीट, हलक्या हाताने, सरावाने.

शेफाली ऑफिसची ओढणी इस्त्री करत होती.

“सासूला हात कुणी लावला?”

“मी,” शेफाली मान वर न करता म्हणाली. “तू काढलेली चकती शिकंज्यावर पडली होती. मला कळलं तू काय करणार आहेस ते. मी दोन घातल्या.”

“का?”

“उगाच त्याचा मूड गेला असता, आई. पहिल्यांदाच येत होता.”

“फुगा फुटला न्हाई म्हणून मूड जातो?”

“अगं, त्याला हरलेलं आवडत नाही. म्हणजे ओरडत वगैरे नाही हं तो. अजिबात नाही. फक्त गप्प होतो. दोन-तीन दिवस फोन उचलत नाही, मेसेजला रिप्लाय नाही. मग मी सॉरी म्हणते, की झालं.”

“सॉरी कशाबद्दल?”

शेफालीने इस्त्री उभी केली. “कशाबद्दल असं नाही. विषय संपवायला.”

मग शेफालीच बोलत गेली, काहीशी घाईने. ऑफिसात कॅरम आहे, तिथे ऋषीशी खेळताना ती राणी सोडून देते. पिक्चरची तिकिटं मिळणार नाहीत असं दिसलं की ते त्याला सांगायच्या आधीच दुसरा बेत काढते. त्याच्या टीममधल्या कुणाला बढती मिळाली तर ती बातमी त्याचं जेवण झाल्यावर सांगते, आधी नाही. “इतकं काही मोठं नाही गं ते. थोडं ॲडजस्ट सगळेच करतात. तो मनाने फार चांगला आहे.”

“किती दिवस करतेस हे?”

“दीड वर्ष. म्हणजे ओळख झाल्यापासून.”

विजयमालाला राग आला, आणि तो ऋषीचा नव्हता. चकती कशी घालायची, तेल किती द्यायचं, हे तिने ह्या पोरीला हाताला धरून शिकवलं होतं. पण माणसाचा राग चढू नये म्हणून घर आधीच कसं बेतून ठेवायचं, हे काही तिने शिकवलं नव्हतं. ते पोर नुसतं बघून शिकली. तिला स्वतःची लाज वाटली, इतकी की तिने नजर बंदुकीवरच ठेवली.

“तो कसा हाय ते मला काल बघायचं होतं, ते राहिलं,” ती अखेर म्हणाली. “पण तू कशी झालीस ते दिसलं.”

“म्हणजे काय?”

“तुझ्या बापाला जेवणात मीठ जास्त झालेलं खपत नव्हतं. अठरा वर्षं भाजी त्याच्या पानात पडायच्या आधी मी चाखली. तो गेला, त्याच्या पुढच्याच महिन्यात एकदा आमटी खारट झाली. तू शाळेत होतीस. मी हातातला घास तसाच धरून बसले, आता काय होतंय म्हणून. काहीच झालं न्हाई. मग मी रडले. शेजारच्या बाया धावत आल्या, त्यांना वाटलं नवऱ्याच्या आठवणीनं रडते. मी तसंच वाटू दिलं.”

शेफालीने ओढणीची घडी घातली, मोडली, परत घातली. बसची वेळ होत आली होती. तिने चपला घातल्या, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

“आजच्याला दोन्ही काढून टाक,” ती म्हणाली. “माशी पण होती तशी कर.”

“बोलावतेस त्याला?”

“हो. आणि तू काही बोलायचं नाहीस. मी पण नाही.”

विजयमालाने दोन्ही चकत्या काढल्या. छर्रा मारून डिरेक्टरीचं पान बघितलं आणि बंदूक पिशवीत भरली. ह्या वेळी तिला मनातून वाटत होतं की आपण खोटे ठरावं. पोरीचा जीव त्याच्यावर होता. तो हरून नुसता हसला तरी तिला पुरे होतं.

आठव्या माळेला ऋषी आपण होऊन तेजस नावाच्या ऑफिसातल्या मित्रालाही घेऊन आला. काल दहातले नऊ पाडले हे त्याने रस्ताभर सांगितलेलं दिसत होतं, कारण तेजस आल्याआल्या त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, “काकू, हेच का ते शूटर?”

“तूच मार आधी,” ऋषी त्याला म्हणाला. विजयमालाने तेजसला सासूच दिली. दहातला एक फुगा फुटला, तोही ज्यावर नेम होता त्याच्या शेजारचा. तेजसने कपाळावर हात मारला, “घरी सांगू नका, काकू,” म्हणाला आणि खो-खो हसत बाजूला झाला.

मग ऋषीने बंदूक घेतली. पहिला छर्रा गोणपाटात गेला. तो हसला. दुसरा फुग्याला टेकून पडला. तो थोडा कमी हसला. चौथ्यानंतर त्याने नळी डोळ्यांसमोर धरून पाहिली. शेफाली त्याच्या उजव्या हाताला उभी होती, गप्प. सहाव्याला तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “जरा मागे हो ना. सावली पडतेय.”

दिवे समोर फळीवर होते. शेफालीची सावली पडत होती ती मागे, रस्त्यावर. तरी ती एक पाऊल मागे झाली.

दहातला एकही फुटला नाही. ऋषीने बंदूक अगदी हळू, आवाज न करता फळकुटावर ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं. तेजस म्हणाला, “अरे बंदूकच गंडलेली आहे, माझं काय झालं बघितलंस ना?” ते त्याला ऐकू गेलं नाही.

“चल,” तो शेफालीला म्हणाला.

तिचा हात त्याच्या हेल्मेटकडे गेला होता. रोज तीच उचलून देत असणार. तो हात तिने मागे घेतला.

“मी थांबते आईजवळ,” ती म्हणाली.

“मग मला बोलावलंस कशाला?”

“हरायला.”

तेजस फसकन हसला. विजयमाला ऋषीच्या तोंडाकडे बघत राहिली. तो आत्ता हसला असता, एवढंसंही, तर तिने तिथल्या तिथे होकार देऊन टाकला असता. त्याने हेल्मेट उचललं, “थँक यू, काकू,” म्हणाला, अगदी नम्रपणे, आणि गर्दीतून निघून गेला. रस्त्यापलीकडून त्याच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. मग थोडा वेळ गेला आणि तिसऱ्यांदा वाजला. शेफाली फुगे फुगवत होती. तिचे गाल फुगत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. कितीतरी वेळाने गाडी सुरू होऊन गेली.

दुसऱ्या दिवशी शेफालीने रजा काढली. तिने ऋषीला एक फोनसुद्धा केला नाही. त्याचाही आला नाही. दुपारी मात्र अकोल्याहून त्याच्या आईचा आला. दसऱ्याच्या गाडीचं आरक्षण झालं होतं आणि मुलगा विचारलं तर काही बोलत नव्हता. शेफालीने त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं, आणि घडलं तेवढं सगळं न लपवता सांगितलं. खोली लहान, पलीकडचा आवाज विजयमालालाही ऐकू येत होता.

“एवढ्यावरून कुणी लग्न मोडतं का गं, बेटा?” त्या बाई काकुळतीने म्हणाल्या. “स्वभाव आहे त्याचा, लहानपणापासूनचा. त्याच्या बाबांचाही तसाच आहे. सांभाळून घ्यावं लागतं. मी नाही का घेतलं इतकी वर्षं?”

“हो, काकू,” शेफाली म्हणाली. “म्हणूनच.”

त्या बाई हळू आवाजात “बरं” म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. दोघी मायलेकी नवव्या माळेचे छर्रे मोजून डब्यात भरायला बसल्या.